वेगवान मोटारींच्या टायरमधील हवेचा दाब किती असावा?

जयपूर : उन्हाळा लागला की टायरमधील हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवावी, हा सल्ला राजस्थानात आणि तितकाच विदर्भातही पेट्रोल पंपांवर सर्रास दिला जातो. तापलेल्या रस्त्यावर हवा प्रसरण पावेल आणि टायर फुटेल, असा त्यामागचा तर्क असतो. शहरातल्या शहरात हळू चालणाऱ्या मोटारीत ही चूक काही काळ खपून जाते. परंतु रुंद आणि बुटक्या टायरांच्या, जोरकस इंजिनाच्या मोटारीत ज्या अपघाताच्या भीतीने हवा कमी केली, तोच त्यामुळे ओढवू शकतो.

जयपूरमध्ये हा प्रश्न अलीकडच्या काळात अधिक महत्त्वाचा झाला आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाच्या २४६ किलोमीटर लांबीच्या दिल्ली-दौसा-लालसोट टप्प्याचे उद्घाटन १२ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले आणि दिल्ली-जयपूर प्रवास पाच तासांवरून सुमारे साडेतीन तासांवर आला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरील सपाट भागातही तीच मर्यादा आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्गावर गावे, ट्रक आणि वळणे यांमुळे टायरला मधूनमधून विसावा मिळे. आता तो सलग दोन-दोन तास एकाच वेगाने फिरत राहतो.

मोटारीचे वजन वस्तुतः रबर नव्हे, तर आत कोंडलेली हवा पेलत असते. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. चाक फिरताना हा भाग दबतो, पुन्हा मूळ आकारात येतो आणि प्रत्येक फेऱ्यात रबर व आतील धाग्यांचे थर वाकून सरळ होतात. या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते. हवा कमी असेल तर टायर अधिक वाकतो, म्हणून अधिक तापतो. वेग फार वाढला की टायरला मूळ आकारात परतायला पुरेसा वेळच मिळत नाही. रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या मागे टायरच्या पृष्ठभागावर लाटा उठलेल्या दिसतात. अभियंते त्यांना स्थिर तरंग म्हणतात. ही अवस्था आली की तापमान झपाट्याने चढते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर काही मिनिटांत फाटू शकतो. उन्हाळ्यातील टायर फुटण्याचे मूळ बहुधा जास्त हवेत नसून कमी हवेत, जादा भारात किंवा जुन्या जखमेत सापडते. सुस्थितीतील टायर निर्मात्याने सांगितलेल्या दाबापेक्षा पाच-सहा पॉइंट वाढ सहज सोसतो, कारण ती वाढ गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते.

योग्य आकडा शोधण्याची जागा म्हणजे चालकाच्या दाराच्या खांबावरील किंवा इंधन टाकीच्या झाकणाच्या आतील पट्टी. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरच्या कमाल दाबाचा असतो. तो भरण्यासाठीचा आकडा नव्हे. हे दोन आकडे एकच समजणे ही फार जुनी गफलत आहे. वेगवान मोटारींच्या पट्टीवर अनेकदा एकाहून अधिक रकाने आढळतात : दोन माणसांसाठी एक, पूर्ण भारासाठी दुसरा आणि काही युरोपीय मोटारींत अतिवेगासाठी तिसरा. अतिवेगाचा रकाना जर्मनीतील वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांसारख्या परिस्थितीसाठी असतो. भारतात १२०ची मर्यादा पाळणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. तो दाब ठेवल्यास खड्ड्यांवर मोटार आदळते आणि टायरची नक्षी मधोमध झिजते. चार माणसे आणि सामान घेऊन निघताना मात्र पूर्ण भाराचा रकानाच पाहावा लागतो. पट्टीवर आकडे बारमध्ये दिलेले असल्यास १ बार म्हणजे १४.५ पीएसआय हे प्रमाण धरावे, म्हणजे २.५ बार हे सुमारे ३६ पीएसआय होतात.

पट्टीवरील प्रत्येक आकडा थंड टायरचा असतो. मोटार किमान तीन तास उभी असेल किंवा हळू वेगाने दीड-दोन किलोमीटरच चालली असेल, तरच टायर थंड मानला जातो. मापनाची योग्य वेळ म्हणूनच सकाळची, घराच्या दारातली. महामार्गावरून येऊन पंपावर थांबल्यावर गेजमध्ये ३३ ऐवजी ३८ दिसले, तर त्यात बिघाड काहीच नाही. ते पाच पॉइंट तेथे काढून टाकले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २८च्या आसपास असेल.

जयपूरचे हवामान हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा करते. येथे मे महिन्यात दुपारचे तापमान चाळिशीपार जाते, तर जानेवारीत पहाटे ते ८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. तापमानात दर १० अंशांचा फरक पडला की मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड पॉइंटने बदलतो. मे महिन्यात ४२ अंशांच्या सावलीत थंड टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली आणि एक थेंबही हवा गळली नाही असे मानले, तरी जानेवारीच्या पहाटे तो टायर २८ दाखवील. प्रत्यक्षात रबरातून महिन्याला साधारण एक पॉइंट हवा झिरपतच असते. डिसेंबरात मुंबईहून निघणाऱ्यांनाही हा फरक जाणवतो : ३१ अंशांत ३३ पॉइंट भरलेला टायर जयपूरच्या ८ अंशांच्या पहाटे ३०च्या आसपास येतो. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर असल्याने गेजवर जेमतेम अर्धा-पाऊण पॉइंट जास्त दिसतो. तो या हिशेबात धरलेला आहे. थोडक्यात, हवा उन्हाळ्यात कमी करायची नसून हिवाळ्यात वाढवायची असते.

नायट्रोजनबद्दलचा समजही येथेच तपासून घेण्यासारखा आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित हळू झिरपतो, एवढाच त्याचा लाभ. पावसाळ्यात पंपावरील कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, तेव्हा या कोरडेपणाला थोडा अर्थ असतो. पण नायट्रोजन भरला म्हणजे दाब पाहण्याची गरज उरत नाही, ही समजूत पैसे देऊन विकत घेतलेली बेफिकिरी आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर टायर लवकर फुटतात, हा आरोपही असाच उतावीळ. उन्हात काळे डांबर हे फिकट काँक्रीटपेक्षा अधिक तापते.

वेगवान मोटारीत दाबाचा संबंध केवळ सुरक्षिततेशी नसतो, तर मोटारीच्या स्वभावाशीही असतो. पोर्शे ९११मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे तिच्या मागील टायरांत पुढच्यांपेक्षा अधिक दाब ठेवावा लागतो. इतर अनेक मोटारींतही पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतात. अशा मोटारीच्या चारही चाकांत सवयीने एकसारखे ३५ पॉइंट भरून देणारा कारागीर तिचा तोल बिघडवतो. मागचा दाब गरजेपेक्षा कमी झाला की वळणावर मागची बाजू सैल वाटू लागते. पुढचा कमी झाला की सुकाणू फिरवूनही मोटार सरळ जाऊ पाहते. शिवाय २५५/३५ आर १९ अशा मापाच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम ८९ मिलिमीटर उंच असते. हवा कमी असताना खड्डा आला तर रिम थेट भिंतीला चिमटा घेते, आतील धागे तुटतात आणि टायरच्या बाजूला फुगवटा येतो. हा फुगवटा पंक्चर काढून दुरुस्त होत नाही. तो टायर बदलावाच लागतो.

शर्यतीच्या मार्गावर नियम बदलतात आणि घोळही तेथूनच रस्त्यावर येतो. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, जेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तेथे आपली मोटार पळवायला जाणारे हौशी चालक तापलेल्या टायरमधील हवा मुद्दाम काढतात. काही फेऱ्यांत ३३चे ४२ होतात, टायर फुगीर होऊन पकड घटते. म्हणून टायरनिर्मात्याने सांगितलेल्या तप्त दाबापर्यंत, समजा ३६ पर्यंत, हवा सोडली जाते. हे योग्यच आहे. पण तोच टायर निवल्यावर २८वर येतो. सर्किटबाहेर पडण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर पुन्हा हवा भरली नाही, तर जयपूरपर्यंतचा सुमारे तीनशे किलोमीटरचा द्रुतगती प्रवास कमी हवेवर होतो.

शर्यतीतही दाब खाली नेण्याला मर्यादा आहे. ३० जून २०१३ रोजी सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रांप्रीमध्ये लुईस हॅमिल्टन, फेलिपे मासा यांच्यासह अनेकांचे मागील डावे टायर धावता धावता फाटले. पिरेलीने केलेल्या तपासणीत मागील टायर डावे-उजवे अदलाबदल करून बसवणे, चाकांचा अतिकल आणि मार्गाच्या उंच कडा यांच्याबरोबरच अपुरा दाब हेही कारण नोंदवले गेले. त्यानंतर किमान दाब आणि कल यांबाबतच्या पिरेलीच्या सूचना संघांना बंधनकारक करण्यात आल्या.

मोटारीच्या पडद्यावरील इशारादिव्यावर विसंबणे पुरेसे नाही. युरोपीय नियमांनुसार दाब २० टक्के घसरल्यावर हा इशारा अपेक्षित असतो. म्हणजे ३६चे २९ होईपर्यंत दिवा न लागणे शक्य आहे. भारतात अशी इशारायंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्ती संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांना ऑक्टोबर २०२०पासून स्टेपनी न ठेवण्याची मुभा आहे आणि बहुतेक वेगवान मोटारींत ती नसतेच. दुरुस्ती संचातील द्रव खिळ्याचे भोक बुजवतो, बाजूची फाटलेली भिंत नाही. त्यामुळे जयपूरहून जोधपूर किंवा जैसलमेरकडे निघण्याआधी घरच्या घरी स्वतःच्या गेजने चारही चाके तपासणे आणि हवा भरण्याचा छोटा विजेरी पंप डिकीत ठेवणे व्यवहार्य ठरते. पंपावरील गेज एकमेकांशी दोन-तीन पॉइंटांनी बिनसलेले असू शकतात. मापन झाल्यावर व्हॉल्व्हचे टोपण पुन्हा घट्ट बसवावे. वाळवंटी वाऱ्यातील बारीक रेती व्हॉल्व्हमध्ये शिरली, तर हवा हळूहळू गळू लागते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.