भयाचे नाट्यगृह आणि वादकाचे हात

युनियनच्या माणसाने व्याख्यानमालेत भयपटावर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कलासमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. पण १९३५ सालच्या ‘मॅड लव्ह’ ह्या अमेरिकन चित्रपटाचा खरा विषय माणसाचे हात हा आहे, आणि हातांविषयी मी थोडेफार बोलू शकतो.

कथा घडते पॅरिसमध्ये, एका भीषण नाट्यगृहाच्या आसऱ्याने. ते नाट्यगृह कल्पित. पण तसे एक त्या शहरात खरोखर होते. ऑस्कर मेतेनिए ह्यांनी १८९७ मध्ये एका जुन्या चॅपेलात ‘ग्राँ गिन्योल’ सुरू केले. खुर्च्या ३०० देखील नव्हत्या. मेतेनिए पूर्वी पोलीस कचेरीत नोकरीला होते. तिथे पाहिलेले चोर, वेश्या, रस्त्यावरची माणसे त्यांनी रंगमंचावर आणली. पुढच्याच वर्षी कारभार माक्स मोरे ह्यांच्याकडे गेला. मग गरिबांचे जिणे मागे पडले आणि रक्त पुढे आले. धंदा मात्र तेजीत चालला. आंद्रे द लोर्द ह्या ग्रंथपालाने त्या रंगभूमीसाठी भीतीची नाटके लिहिली, काही तर बुद्धिमापनाचे शास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने ह्यांच्या जोडीने! दोन भयनाटिकांच्या मध्ये एखादे प्रहसन, असा तिथला बेत असे. हे थिएटर १९६२ मध्ये बंद पडले. महायुद्धातल्या छळछावण्या पाहिलेल्या जगाला रंगवलेल्या रक्ताने काय धसका बसणार?

आता चित्रपट. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड हे मुळात ‘मेट्रोपोलिस’चे छायाचित्रकार. नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो पीटर लोरे. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून आलेला नट. तो झालाय डॉक्टर गोगोल. नाट्यगृहात रोज छळाचा प्रसंग करणाऱ्या यव्हॉन ह्या नटीवर तो लुब्ध आहे. तिचा नवरा ऑरलॅक पियानोवादक. आगगाडीच्या अपघातात त्याचे दोन्ही हात चिरडतात आणि गोगोल त्याला, गिलोटिनवर गेलेल्या एका सुरीफेक्या खुन्याचे हात जोडतो.

पुढे खून आहे, रहस्य आहे; ते पडद्यावरच पाहावे. मला खिळवून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. शस्त्रक्रियेचा खर्च भागवताना त्या जोडप्याला घरातले सामान विकावे लागते. नवे हात पियानोवर चालत नाहीत. एके दिवशी घेणेकरी पियानोच न्यायला येतो, तेव्हा ऑरलॅकच्या हातून फाउंटनपेन सुरीसारखे सुटते आणि त्याच्या डोक्याजवळून जाते. सावत्र बापाकडे मदत मागावी, तर तो जवाहिऱ्या; मुलाने आपला धंदा धरला नाही ह्याचा राग मनात धरून नकार देतो. हा भाग लिहिणाऱ्याला कर्जाची भीती ठाऊक असावी.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या ज्या परिशिष्टावरून मी वर्षानुवर्षे दावे लढवले, त्यात दोन्ही हात गेले की कमाईची शक्ती १०० टक्के गेली, असे धरले जाई. एका कारखान्यात प्रेसखाली आमच्या एका सोबत्याची चार बोटे गेली. आकडेमोड करून त्याचे कागद पुरे झाल्यावर तो मला म्हणाला, “भाऊ, पैशाचं कळलं. पण झोपेत हा हात अजून खटका ओढतो, त्याचं काय?”