मिश्र मार्शल आर्ट्समधील उत्तेजक चाचणी व नियमन

मिश्र मार्शल आर्ट्समधील उत्तेजक चाचणी व नियमन या संज्ञेत व्यावसायिक मिश्र मार्शल आर्ट्स (एमएमए) या लढतीच्या क्रीडाप्रकारातील परवाने, नियम, निषिद्ध द्रव्यांच्या चाचण्या आणि शिस्तभंगावरील कारवाई यांचा समावेश होतो. धावणे किंवा भारोत्तोलन यांत उत्तेजक सेवनामुळे प्रतिस्पर्ध्याचे पदक हुकते. एमएमएमध्ये मात्र त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला गंभीर शारीरिक इजा होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून या खेळात उत्तेजक चाचणी हा स्पर्धेतील न्याय्यतेइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न मानला जातो. या लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील व्यवस्थेचा आणि अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप (यूएफसी) या आयोजक कंपनीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

यूएफसीची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे झाली. आरंभीच्या स्पर्धांत वजनगट नव्हते आणि नियमही मोजकेच होते. १९९६ पासून सिनेटर जॉन मॅककेन यांनी या खेळाविरुद्ध मोहीम चालवली व त्याची तुलना कोंबड्यांच्या झुंजीशी केली. अनेक राज्यांनी या लढतींवर बंदी घातली. बंदी उठवायची, तर सरकारी देखरेख स्वीकारणे हाच मार्ग उरला. न्यू जर्सीच्या क्रीडा नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने एकत्रित नियमावली तयार झाली आणि २००१ मध्ये नेवाडा राज्याने या खेळाला मान्यता दिली. न्यूयॉर्क राज्यात व्यावसायिक लढतींना कायदेशीर परवानगी मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

नियमनाची रचना

अमेरिकेत या खेळासाठी एकच राष्ट्रीय नियामक नाही. प्रत्येक राज्याचा अ‍ॅथलेटिक आयोग लढवय्यांना परवाना देतो, पंच व डॉक्टर नेमतो, नमुने तपासतो आणि दोषींना दंड किंवा निलंबनाची शिक्षा करतो. एका राज्याने केलेले निलंबन इतर राज्ये सामान्यतः मान्य करतात. मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी २००० साली संमत झालेला मुहम्मद अली मुष्टियुद्ध सुधारणा कायदा एमएमएला लागू होत नाही. त्यामुळे राज्य आयोगांचा अधिकार आणि आयोजक कंपनीचे अंतर्गत धोरण या दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. या क्षेत्रातील बहुतेक वाद या दुहेरी रचनेतूनच उद्भवले आहेत.

राज्य आयोगांच्या चाचण्या

प्रारंभी चाचण्या मुख्यतः लढतीच्या दिवशी होत. २००२ मध्ये जॉश बार्नेट यांनी रँडी कूटूर यांचा पराभव करून यूएफसीचे हेवीवेट विजेतेपद मिळवले. परंतु चाचणीत स्टिरॉइड आढळल्याने ते काढून घेण्यात आले. लढतीच्या दिवसापुरत्या चाचणीतील उणीव उघड होती: सरावाच्या काळात घेतलेले द्रव्य लढतीपर्यंत शरीरातून निघून जाऊ शकते, त्याने मिळालेले बळ मात्र टिकते.

दुसरी पळवाट वैद्यकीय सवलतीची होती. टेस्टोस्टेरॉनची पातळी कमी असल्याच्या कारणावरून काही लढवय्यांना ते बाहेरून घेण्याची मुभा दिली जाई. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेवाडाच्या आयोगाने ही सवलत बंद केली.

३१ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या अँडरसन सिल्वा व निक डियाझ यांच्या लढतीने प्रचलित पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट केल्या. सिल्वा यांचा नमुना ९ जानेवारीस घेतला होता. त्यात ड्रोस्टॅनोलोन हे स्टिरॉइड आढळल्याचा अहवाल लढत उरकल्यावर आला. त्यांना एक वर्षाचे निलंबन झाले. डियाझ यांच्या लढतीच्या दिवशीच्या तीन नमुन्यांपैकी एकात गांजाचे अंश आढळले, तर उरलेले दोन निर्दोष ठरले. तरीही आयोगाने त्यांना पाच वर्षांसाठी निलंबित केले. स्टिरॉइडपेक्षा गांजासाठी अधिक कठोर शिक्षा झाल्याने तीव्र टीका झाली आणि पुढे तडजोडीने हा कालावधी १८ महिन्यांवर आणण्यात आला.

यूसाडाचा कार्यक्रम

१ जुलै २०१५ पासून यूएफसीने अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे (यूसाडा) चाचण्यांचे काम सोपवले. लढवय्यांना आपला ठावठिकाणा कळवणे बंधनकारक झाले आणि वर्षभर केव्हाही, पूर्वसूचनेविना रक्त किंवा मूत्राचा नमुना घेतला जाऊ लागला. गंभीर स्वरूपाच्या द्रव्यासाठी पहिल्या गुन्ह्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांचे निलंबन ठरले. २०१९ मध्ये एरिथ्रोपोएटिन आढळल्यामुळे बँटमवेट विजेते टी. जे. डिलशॉ यांनी विजेतेपद सोडले व दोन वर्षांची शिक्षा भोगली.

कार्यक्रमाला अपवादही झाले. निवृत्तीतून परतणाऱ्याने लढतीपूर्वी चार महिने चाचणीच्या कक्षेत राहावे, असा नियम होता. २०१६ मध्ये ब्रॉक लेस्नर यांना त्यातून सूट देण्यात आली. ९ जुलै रोजी त्यांनी मार्क हंट यांना हरवले. त्यानंतर लेस्नर यांच्या नमुन्यांत क्लोमिफीन आढळल्याचे जाहीर झाले. नेवाडाच्या आयोगाने लेस्नर यांना एक वर्षासाठी निलंबित करून अडीच लाख डॉलरचा दंड केला आणि लढतीचा निकाल रद्द केला. निकाल कागदावरून पुसला गेला, तरी लढतीत हंट यांनी सोसलेला मार भरून निघणारा नव्हता. त्यांनी जानेवारी २०१७ मध्ये यूएफसी व लेस्नर यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

सूक्ष्म अंशांचा वाद

चाचण्या अधिक संवेदनशील झाल्या, तसा उलट प्रश्न उभा राहिला. जॉन जोन्स यांनी जुलै २०१७ मध्ये डॅनियल कॉर्मिये यांच्यावर मिळवलेला विजय ट्युरिनाबोल हे स्टिरॉइड आढळल्याने रद्द झाला व विजेतेपद कॉर्मिये यांना परत देण्यात आले. जोन्स यांना १५ महिन्यांचे निलंबन झाले. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या नमुन्यात त्याच द्रव्याचे पिकोग्रॅममध्ये मोजले जाणारे अंश पुन्हा दिसले. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हे नवे सेवन नसून जुनेच अवशेष आहेत, असे यूसाडाचे मत होते. नेवाडाने लढतीस परवानगी दिली नाही, कॅलिफोर्नियाने दिली. म्हणून आठवड्याहूनही कमी अवधीत संपूर्ण स्पर्धा लास व्हेगासहून इंगलवूड येथे हलवण्यात आली. एकाच पुराव्यावर दोन राज्यांनी दोन निर्णय दिल्याचे हे ठळक उदाहरण होय.

भेसळयुक्त पूरक आहारामुळे निरपराध लढवय्यांची कारकीर्द धोक्यात येऊ नये, म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये यूएफसीने काही द्रव्यांसाठी किमान मर्यादा निश्चित केल्या. २०२१ मध्ये गांजाविषयीचे धोरणही शिथिल झाले.

अन्य शिस्तभंग

आयोगांचा अधिकार उत्तेजकांपुरता मर्यादित नाही. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास व्हेगास येथील लढतीनंतर झालेल्या हाणामारीबद्दल नेवाडाने खबीब नूरमागोमेदोव्ह यांना नऊ महिन्यांचे निलंबन व पाच लाख डॉलर दंड, तर कोनर मॅकग्रेगर यांना सहा महिन्यांचे निलंबन व पन्नास हजार डॉलर दंड केला. शरीरातील पाणी झपाट्याने घटवून वजन कमी करण्याची प्रथाही नियमनाचा विषय ठरली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियाई स्पर्धेपूर्वी वजन घटवताना यांग जियान बिंग या चिनी लढवय्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या संस्थेने निर्जलीकरणाद्वारे वजन घटवण्यास मनाई केली.

२०२४ नंतरची व्यवस्था

यूएफसी व यूसाडा यांचा करार २०२३ च्या अखेरीस संपला. मॅकग्रेगर यांच्या पुनरागमनापूर्वी सहा महिन्यांची चाचणी आवश्यक असल्याच्या भूमिकेमुळे संबंध बिघडल्याचे यूसाडाने म्हटले. यूएफसीने हे नाकारले. १ जानेवारी २०२४ पासून नमुने गोळा करण्याचे काम ड्रग फ्री स्पोर्ट इंटरनॅशनलकडे गेले, तर कार्यक्रमाचे प्रशासन एफबीआयचे माजी अधिकारी जॉर्ज पिरो यांच्याकडे सोपवण्यात आले. चाचणीचा खर्च आयोजक कंपनीच करत असल्याने ती व्यवस्था कितपत स्वतंत्र राहू शकते, हा प्रश्न दोन्ही कार्यक्रमांबाबत चर्चेत राहिला आहे. राज्य आयोगांचे अधिकार या बदलानंतरही पूर्ववत आहेत.