जड अंगाची हकीकत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी कोणी पाककृती देते, कोणी तीर्थयात्रेचे वर्णन लिहिते. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. लठ्ठपणावर जी शस्त्रक्रिया करतात तिचा इतिहास, आणि ती करून घेतलेल्या माझ्या नणंदेची आधीची व नंतरची हकीकत, अशा दोन्ही गोष्टी मी एकत्र सांगणार आहे. वन्संना विचारूनच लिहिते आहे. "माझे नाव तेवढे घालू नकोस, बाकी सारे लिही, तुझेसुद्धा लिही," असे त्या म्हणाल्या. त्या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ पुढे कळेल.

प्रथम आपल्या भागाची गोष्ट. माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडीत. कामावर मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन आपल्याकडच्या कित्येक घरांनी ते वर्ष काढले. त्यानंतर दोन वर्षांनी वन्संचा जन्म झाला. ज्या बाईने पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले, तिला आपली लेक गुटगुटीत दिसली तर केवढे समाधान वाटत असेल! भरलेले अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण, असेच तेव्हा सारे मानीत. पोर बारीक असली तर लग्न जमवताना अडत असे. जाड असण्याला कोणी आजार म्हणत नव्हते.

पुढे दिवस पालटले. जाते माळ्यावर गेले, पाणी नळाला आले, शेताची वाट मोटारसायकलवरून सरू लागली. चहात साखर वाढली, तेलाची बुधली जाऊन डबा आला. अंगाचे कष्ट कमी झाले आणि हात मात्र सैल सुटला. ही केवळ आपल्या गावची गोष्ट नाही. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातील शंभर स्त्रियांपैकी साधारण तेरा जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा चोवीसवर गेला.

आता 'प्रमाण' म्हणजे काय ते सांगते. वजन किलोत घ्यावयाचे आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावयाचे. त्या गुणाकाराने वजनाला भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. हे गणित केतले नावाच्या बेल्जियमच्या विद्वानाने एकोणिसाव्या शतकात मांडले होते, आणि अमेरिकेच्या आन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले ते १९७२ साली. म्हणजे सासूबाई खडी फोडीत होत्या त्याच वर्षी! वन्संची उंची दीड मीटर. २०१८ साली त्यांचे वजन १०८ किलो होते. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, आणि १०८ ला सव्वादोनने भागले की ४८ येतात. पंचविसाच्या पुढे वजन जास्त समजतात. मग अठ्ठेचाळीस म्हणजे काय ते मी सांगावयास नको.

त्या वेळी वन्संना मधुमेह होऊन आठ वर्षे झाली होती. गुडघे बोलत होते. रात्री घोरता घोरता श्वास अडके आणि त्या दचकून उठून बसत. देवघरात खाली बसता येईना, म्हणून देव टेबलावर मांडले. बसमध्ये त्या चढल्या की लोक एकमेकांकडे पाहात.

"कमी खावे, म्हणजे झाले," असे आपण सहज म्हणतो. वन्संनी कमी खाल्ले नाही असे नाही. सोमवार केले, चतुर्थी केली, पहाटे हमरस्त्याच्या कडेने चालल्या. एकदा दहा किलो उतरले आणि वर्षाच्या आत बारा चढले. याचेही कारण इतिहासात सापडते. याच कीज यांनी १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीराचा अभ्यास केला होता. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता, आणि ते तरुण आपखुशीने त्यात आले होते. उपासमारीत त्यांच्या शरीराने खर्च कमी केला, आणि मनात रात्रंदिवस अन्नाशिवाय दुसरे काही राहिले नाही. कोणी तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पोटभर मिळू लागल्यावर ते भराभर खात सुटले आणि अंगावर पूर्वीपेक्षाही जास्त चरबी चढली. शरीराला बारीक होणे आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही वेळा घाबरते. हे वाचल्यापासून जाड बाईला हावरी म्हणण्याची माझी जीभ आखडली.

शस्त्रक्रियेचा आरंभही त्याच मिनेसोटातला. तेथील क्रेमेन व लिनर या शल्यचिकित्सकांनी १९५४ साली लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वजन उतरे खरे, पण त्या प्रकारच्या शस्त्रक्रियांनी पुढे अनेकांचे यकृत बिघडले, मूतखडे झाले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. नंतर आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले की, अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढला आहे त्या रोग्यांचे वजन वाढत नाही. त्यावरून त्यांनी इटो यांच्यासह १९६६ साली जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो आतड्याला जोडला. हीच बायपास. १९९४ च्या सुमारास ती दुर्बिणीतून, पोटाला बारीक छिद्रे पाडून होऊ लागली. १९९५ साली पोरीस नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांतल्या ६०८ रोग्यांची हकीकत छापली. त्यांतल्या मधुमेह असलेल्या बहुतेकांची रक्तातील साखर ताळ्यावर आली होती. तेव्हापासून ही केवळ बारीक दिसण्याची नव्हे, तर रोग हटवण्याची शस्त्रक्रिया आहे, असे डॉक्टर मानू लागले.

आपल्या महाराष्ट्रात घरोघर तिची चर्चा झाली ती पुढाऱ्यांमुळे. भारतीय जनता पक्षाचे त्या वेळचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली. नंतर २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद या बाईंना मालवाहू विमानाने मुंबईस आणले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगत होते, आणि पंचवीस वर्षे त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. क्रेनने त्यांना उचलून सैफी रुग्णालयात चढवताना साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिले. ७ मार्चला शस्त्रक्रिया झाली, वजन बरेच उतरले. मे महिन्यात त्यांना अबू धाबीस नेले, आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. वय अवघे सदतीस. त्या बाईंचे चित्र पाहून आमच्या घरातले सारे हळहळत होते. वन्सं मात्र एवढेच म्हणाल्या, "पंचवीस वर्षे एका खोलीत! मला कळते ते."

पुढल्या वर्षी त्यांनी निश्चय केला. पाटल्या मोडल्या, काही पैसे त्यांच्या धाकट्या दिरांनी दिले. हा लाखांच्या घरातला खर्च आहे. (२०२० पासून आरोग्य विम्याच्या नियमांत, बीएमआय चाळीस किंवा त्याहून जास्त असल्यास, अथवा पस्तीस असून सोबत गंभीर आजार असल्यास, बाकीचे उपाय थकल्यावर या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. ज्यांचा विमा आहे त्यांनी कागद नीट वाचावेत.) पुण्याच्या एका रुग्णालयात त्यांची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झाली. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. काढलेल्या भागातच भुकेचा निरोप मेंदूला धाडणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यत्वे तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. टाक्यांतून पाझर, रक्तस्राव, गुठळी असे धोके असतात, हे डॉक्टरांनी आधी समजावून सांगितले होते. "भूल दिल्यावर परत उठेन की नाही" म्हणून वन्संनी मंगळसूत्र माझ्या हाती देताना माझी बोटे घट्ट धरली होती. मी रात्रभर बाकावर बसून होते, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती.

ती गोष्ट अशी. शस्त्रक्रियेच्या दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची सहल नळदुर्गला गेली होती. वन्सं माहेरपणाला आल्या होत्या, म्हणून मीच त्यांना बरोबर नेले. जीपमध्ये बसताना मी म्हणाले, "वन्संना दोन तिकिटे काढा गं!" सगळ्या हसल्या. वन्संही हसल्या. किल्ल्यात पोचल्यावर उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढावयाची वेळ आली, तेव्हा "मला ऊन लागते, तुम्ही जाऊन या" म्हणून त्या खाली सावलीत पिशव्या राखीत बसल्या. मी वरून त्यांना हात केला. त्यांनी पाहिले नाही असे दाखवले. ही थट्टा मी केली होती, दुसऱ्या कोणी नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सोपे नव्हते. पहिले दोन आठवडे नुसते पातळ, मग मऊ, मग हळूहळू आपले अन्न. वाटीभर वरण संपवावयास अर्धा तास. जेवताना पाणी नाही. आधी डाळ, उसळ, दही, अंडे, भाकरी शेवटी. लोह, कॅल्शियम, ब-१२ जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले, नंतर ते परत आले. दंडाची, पोटाची कातडी लोंबू लागली. दीड वर्षात वजन ७२ वर आले. मधुमेहाच्या तीन गोळ्या होत्या त्या आधी बंद झाल्या, आता पुन्हा अर्धी घ्यावी लागते. वजनही चार किलो वाढून ७६ वर थांबले आहे. तेव्हा कोणी जादू समजू नये. पण श्वास अडकत नाही, आणि देव पुन्हा खाली पाटावर आले आहेत.

आणि लोक? पूर्वी जे हत्ती म्हणत तेच आता, "काय हो, मोठा आजार झाला का?" असे विचारतात. वन्सं म्हणतात, "माझे पोट कापून घेतले, लोकांच्या जिभेला कोण काय करणार!"

मीही शहाणी झाले होते असे नाही. त्या वर्षीच्या वेळ अमावस्येला आम्ही सगळे शेतात गेलो. कोपीत पांडव मांडले, पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील अशी पंगत बसली. वन्संनी वाटीभर भज्जी आणि उंड्याचा तुकडा घेऊन हात आवरला. मला राहवेना. वर्षाचा सण, माहेरची लेक! "माझ्या हातचे एवढे तरी घ्या," म्हणून मी आग्रहाने आणखी वाढले. माझे मन मोडू नये म्हणून त्यांनी ते खाल्ले. थोड्याच वेळात त्या ज्वारीच्या ताटांआड गेल्या, आणि ओकारीचा आवाज आम्हाला ऐकू आला. परत आल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होते. मी पाणी दिले, पण तोंडातून शब्द निघेना. आमच्या सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "आम्ही अन्न नाही म्हणून रडलो, आता अन्न आहे म्हणून लेकीला रडवू नका."

भगिनींनो, हे मी शस्त्रक्रियेची जाहिरात म्हणून लिहिलेले नाही. ती फार थोड्यांसाठी असते, आणि कोणासाठी ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे. २०२५ पासून मौंजारो, वेगोवी अशी वजन उतरविणारी टोचणीची औषधेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. तीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेण्याची नव्हेत. शिवाय ज्या बारीक आहेत त्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपली आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांनाही मधुमेह का गाठतो, हे त्यावरून कळते. म्हणून वर्धापनदिनी हळदीकुंकवाबरोबर साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय मंडळाने करावी, अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना माझ्यासाठी आहे, ज्यांना पटेल त्यांनी घ्यावी. कोणाच्या अंगावरून विनोद करावयाचा नाही, आणि ताटात वाढताना एकदा विचारून थांबावयाचे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी पुन्हा नळदुर्गला गेलो. उपळी बुरुजाच्या पायऱ्या वन्सं दोन ठिकाणी थांबून चढल्या. वर पोचल्यावर त्यांनी खालचे ते झाड शोधून मला दाखवले, जिथे त्या पिशव्या राखीत बसल्या होत्या. मी म्हणाले, "वन्सं, त्या दिवशी मी चुकले." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. म्हणून तर तुला घेऊन आले." मग पदराने घाम पुसून त्यांनी बोरी नदीकडे तोंड केले, आणि आम्ही बराच वेळ तशाच उभ्या होतो.