मुसाशी प्रांत

मुसाशी : जपानच्या होन्शू बेटावरील कांतो मैदानातला जुना प्रांत. बेटे वगळता आजचे टोकियो, सैतामा प्रीफेक्चरचा बहुतांश भाग, कावासाकी शहर आणि योकोहामाचा मोठा हिस्सा एवढा मुलूख त्यात मोडे. प्रांताचे शासकीय ठाणे आजच्या फुचू शहरात होते. उत्तरेची तोने नदी आणि पश्चिमेचे चिचिबूचे डोंगर पाहिले की या सीमा निसर्गानेच आखून दिल्या असे वाटते. प्रांताचा इतिहास मात्र वेगळे सांगतो : वाटा, वस्ती आणि पाणी यांच्या गरजेप्रमाणे राज्यकर्त्यांनी त्या वेळोवेळी ठरवल्या.

प्राचीन जपानमध्ये महामार्गांनुसार प्रांतांचे गट पाडलेले होते. मुसाशी आधी तोसांदो या डोंगरी मार्गाच्या गटात होता. त्यामुळे कोझुके प्रांतातून शेजारच्या शिमोत्सुकेला निघालेल्या सरकारी माणसाला दक्षिणेला मुसाशीपर्यंत वाकडी वाट करून पुन्हा उत्तरेला परतावे लागे. कोकुबुंजी येथील उत्खननात या वाटेचा सुमारे १२ मी. रुंदीचा, दोन्ही कडांना चर खणलेला सरळ पट्टा उघडा झाला आहे. एवढा प्रशस्त रस्ता असूनही ७७१ मध्ये दरबाराने मुसाशीला तोकाइदो या किनारी मार्गाच्या गटात घातले. जमीन तीच राहिली. प्रवासाच्या सोयीसाठी तिचा गट बदलला.

नद्या तरी कायमच्या सीमा होत्या, असा आक्षेप येथे घेता येईल. मुसाशी आणि त्याच्या पूर्वेचा शिमोसा प्रांत यांच्यामध्ये सुमिदा नदी होती, हे खरे. संरक्षणाच्या विचाराने शोगुनशाहीने एदो (आजचे टोकियो) शहरालगतच्या पात्रावर पूल होऊ दिले नव्हते. १६५७ च्या भीषण आगीत असंख्य लोक काठावर अडकून मेले, तेव्हा तेथे र्‍योगोकु पूल उभा राहिला आणि पलीकडे होंजो, फुकागावा या वस्त्या वाढल्या. शहर असे पूर्वेकडे पसरत असताना त्याच शतकात कात्सुशिका जिल्ह्याचा पश्चिम भाग शिमोसातून मुसाशीत आला आणि सीमा एदो नदीवर गेली. नवी सीमाही नदीच होती. पण कोणती नदी धरायची, हे शहराच्या वाढीने ठरवले. तामा नदीचे उदाहरण याच्या उलट आहे. तिचे दोन्ही काठ मुसाशीतच होते; आज तिच्या खालच्या टप्प्यात टोकियो आणि कानागावा यांची सीमा आहे.

१८७१ नंतरच्या फेररचनेत मुसाशीचा मुलूख टोकियो, सैतामा आणि कानागावा यांच्यात वाटला गेला. कानागावाकडे गेलेले तीन तामा जिल्हे १८९३ मध्ये टोकियोला जोडले गेले. हामुरापासून योत्सुयापर्यंत सुमारे ४३ किमी. लांबीचा, १६५३ मध्ये खोदलेला तामागावा कालवा शहराला पाणी पुरवत होता. त्याचा उगमाकडचा प्रदेश हाताशी असावा, हे सरकारने दिलेले कारण. तामा भागात बळकट असलेल्या उदारमतवादी पक्षाला शह देणे हाच खरा हेतू होता, असेही मत आहे. ते मान्य केले तरी सीमा निसर्गाने नव्हे, राज्यकर्त्यांनी ठरवल्या हा मूळ निष्कर्ष ढळत नाही, उलट बळावतो. म्हणून मुसाशीचा कोणताही नकाशा त्याच्या सालासह वाचला पाहिजे; सालाशिवाय त्यावरची सीमारेषा दिशाभूल करते.