संगणक शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

आज बंगळुरूची गोष्ट सांगायची आहे, पण आयटी कंपन्यांची नाही. ज्या शिक्षकाने स्वतः कधी संगणक हाताळला नाही, त्याच्यावर एक दिवस तो शिकवायची जबाबदारी येते. त्याला आधी कोण शिकवतं, त्याची ही गोष्ट आहे.

प्रश्न जुनाच. ऑगस्ट 1963 मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम 1620 हा संगणक आला. तेव्हा देशात संगणक शिकवू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मग प्रा. व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-दहा दिवसांचे वर्ग घेतले. ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ, अभियंते, प्राध्यापक तिथे येऊन फोरट्रान शिकले. पुढे राजारामन यांनी विद्यार्थ्यांना परवडतील अशी पाठ्यपुस्तकं लिहिली. 1982 मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

शाळांची पाळी आली 1984-85 मध्ये. केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून सुमारे 250 शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले. यंत्र ब्रिटिश, भाषा इंग्रजी. निवडक शिक्षकांना थोडं प्रशिक्षण मिळालं, पण बाकीच्यांसाठी संगणक म्हणजे कुलूपबंद खोलीतली वस्तूच राहिली.

आता 2001 कडे येऊ. कर्नाटकाने 'माहिती सिंधू' योजना आणली आणि एक हजार सरकारी हायस्कुलांत संगणक शिक्षण सुरू केलं. यंत्रं खासगी कंपन्यांची आणि शिकवणारा प्रशिक्षकही कंपनीनेच नेमलेला, कंत्राटी. ठरावीक वर्षं कंपनीने चालवायचं, मग सारं शाळेच्या हवाली करायचं. याला 'बूट' पद्धत म्हणत. सरकारकडे तेव्हा तंत्रज्ञ नव्हते आणि या वाटेने संगणक लवकर पोचले, हे मान्य करायला हवं. पण गणिताच्या किंवा विज्ञानाच्या बाईंचा त्या खोलीशी संबंध आलाच नाही. करार संपला की प्रशिक्षक गेला आणि त्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर गेलं. यंत्रं तेवढी मागे राहिली.

गंमत पाहा. त्याच सुमारास शेजारच्या केरळने एक कृती समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते प्रा. यू. आर. राव, म्हणजे उडुपीजवळ जन्मलेले आणि बंगळुरूत 'इस्रो'चं नेतृत्व केलेले शास्त्रज्ञ. त्या अहवालातून 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प उभा राहिला. केरळने बाहेरचा प्रशिक्षक आणला नाही. शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, त्यातल्या काहींना 'मास्टर ट्रेनर' केलं आणि त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. पुढे दहावीच्या परीक्षेत हा विषय आला आणि शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. फुकट वाटता येणारं, मल्याळममध्ये आणता येणारं सॉफ्टवेअर शिक्षक घरीही वापरू शकत होता.

'आयटी फॉर चेंज' या बंगळुरूच्या संस्थेने या दोन्ही वाटांचा तुलनात्मक अभ्यास केला. मग 2011 च्या सुमारास कर्नाटकातच 'विषय शिक्षक मंच' सुरू झाला. सोबत होती डी.एस.ई.आर.टी. ही राज्याची शिक्षक-प्रशिक्षण यंत्रणा आणि माध्यमिक शिक्षा अभियान. गणित, विज्ञान, समाजशास्त्राचे हायस्कूल शिक्षक कार्यशाळेला येत. आधी टायपिंग आणि ईमेल, मग जिओजेब्रावर त्रिकोण हलवून पाहणं. घरी गेल्यावर अडलं तर ईमेल गटावर विचारायचं आणि उत्तर दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाकडून यायचं. त्यांच्या साहित्यातून 'कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधने' हा कन्नड-इंग्रजी साठा उभा राहिला.

इथे एक फरक लक्षात घ्या. दहा दिवसांची कार्यशाळा सुरुवात करून देते. पण नवखा शिक्षक खरा अडतो तो अकराव्या दिवशी, वर्गात चाळीस मुलं समोर असताना. तेव्हा त्याला विचारायला कुणीतरी हवं असतं. मंचाने ती सोय केली, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

हे आज का सांगायचं? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं ठरवलं आहे. म्हणजे पुन्हा हजारो शिक्षक नवखे ठरणार. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी शाळा कर्नाटकाच्याच शिक्षण खात्याखाली येतात. तिथल्या गुरुजींना कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही साहित्य लागणार. ते बाहेरून येईल म्हणून वाट पाहायची की कोल्हापूर, पुणे, बेळगावच्या शिक्षकांनी एकत्र बसून तयार करायचं?

तुमच्या शाळेत संगणक पहिल्यांदा कुणी शिकवला आणि त्यांना कुणी शिकवलं होतं? एकदा त्यांना विचारून पाहा. हा इतिहास बराचसा अजून लिहिलेला नाही, तो त्यांच्या आठवणीतच आहे.