आसन एक, दफ्तरे पाच

भोपाळच्या स्थानकाच्या नशिबी मधल्या स्थानकाचे प्राक्तन आले आहे. शाहजहान बेगमांच्या दरबाराने खर्चाचा मोठा भार उचलल्यामुळे इटारसी-भोपाळ लोहमार्ग झाला व १८८४ साली खुला झाला. १८८९ साली तो झाशीपर्यंत जोडला गेला, आणि कालांतराने मुंबई व मद्रास या दोन्ही दिशांनी दिल्लीस जाणाऱ्या गाड्या या गावावरून धावू लागल्या. गाड्या उदंड, परंतु त्यांपैकी बहुतेक येथून सुटत नाहीत. येथील मराठी कुटुंबास नागपूरला वा मुंबईला जावयाचे, तर बहुधा दुसरीकडून भरून आलेल्या गाडीतच जागा शोधावी लागते. ती जागा कोणाच्या दफ्तरी नोंदलेली आहे, हा प्रश्न म्हणूनच येथे कधी पोथीतला राहिला नाही.

संगणकापूर्वी हे दफ्तर म्हणजे खरोखरीची जाड वही होती. गाडी जेथून सुटे तेथे ती वही असे. मधल्या स्थानकांना काही ठरावीक जागांचा कोटा तोडून दिलेला असे आणि त्यांच्यापुरती त्यांची वही निराळी. कोटा संपला, वा परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असले, म्हणजे दूरच्या स्थानकास तार जाई. तारेचे उत्तर वेळेवर येईलच असा भरवसा नसे. एका गावी कोट्यातील जागा रिकाम्या पडून असताना दुसऱ्या गावी खिडकीवर नकार मिळे, हेही नित्याचेच. वाटून घ्यावे तर जागा वाया जातात आणि एकाच्या हाती ठेवावे तर विचारपूस करण्यातच दिवस जातात, असा हा पेच होता. मालव्याला असले पेच नवे नाहीत. भोपाळहून इंदूरच्या वाटेवरील देवासात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे दोन दरबार १९४८ पर्यंत एकाच गावात नांदले. मात्र गाव निदान आळीआळीने वाटता येते. रात्रीच्या गाडीतील एक बर्थ दोघांत वाटता येत नाही.

याच सुमारास संगणकाच्या जगातही हाच पेच उभा राहिला होता. अमेरिकेतील ‘डिजिटल’ या कंपनीने १९८३ साली ‘वॅक्स-समूह’ जाहीर केला. त्यात अनेक यंत्रे एकाच साठ्यातील नोंदी मिळून वापरीत. दोन यंत्रांनी एकच नोंद एकाच क्षणी बदलली तर अनर्थ ठरलेला. त्यावर त्यांनी कुलपांचा कारभार बसविला. नोंद वाचावयाची असेल तर अनेकांना एकत्र परवानगी, बदलावयाची असेल तर एकट्यालाच. एखाद्या नोंदीची कुलपे कोणाकडे आहेत याचा हिशेब समूहातील एक यंत्र ठेवी आणि ते बंद पडल्यास तो हिशेब उरलेल्यांपैकी दुसरे यंत्र उचली. समूहाची ताटातूट होऊन दोन गट आपापल्या परीने मालकी गाजवू लागू नयेत, म्हणून यंत्रांना मतेही दिलेली होती. बहुमत नसलेल्या गटाने काम थांबवावयाचे. बारभाईंच्या कारभाराला असा नियम असता, तर पेशवाईच्या इतिहासातील काही पाने निराळी लिहिली गेली असती, असे आम्हांस गमतीने वाटून जाते.

रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाले, तेही वॅक्स यंत्रांवरच. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली. परंतु ही पाच बेटे होती. प्रत्येकास मुख्यतः आपल्याच गाड्या ठाऊक. ती जोडण्याचे काम ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाच्या प्रणालीने केले. सप्टेंबर १९९४ मध्ये ती सिकंदराबादला बसविली गेली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली.

येथे एक मोह सुचणे साहजिक होते. पाचही केंद्रांत सर्व गाड्यांची एकेक नक्कल ठेवावी, म्हणजे विचारपूसच नको! परंतु पाच नकला असल्या, की एकच बर्थ दोन गावी एकाच क्षणी विकला जाण्याची भीती. ती टाळावयाची तर प्रत्येक तिकिटापूर्वी पाचांची संमती घ्यावयास हवी. तेव्हा ठरले ते असे, की प्रत्येक गाडीची नोंद एकाच केंद्राच्या मालकीची राहील आणि फिरतील त्या केवळ मागण्या. भोपाळ त्या पाच केंद्रांत नव्हते. तरी येथील कारकुनाने चेन्नईहून सुटणाऱ्या गाडीचा बर्थ मागितला, की ती मागणी चेन्नईच्या दफ्तरी पोहोचे, तेथे नोंद होई, आणि तिकीट भोपाळच्या खिडकीत छापून निघे. वाटेत तार तुटली तरी मागणी हरवू नये आणि दोनदा लागूही होऊ नये, याची काळजी मधली एक प्रणाली घेई. या मालकीची किंमतही उघड होती. एखादे केंद्र बंद पडले की त्याच्या गाड्यांची खिडकी देशभर बंद. इतरांच्या गाड्या मात्र चालू. ऑगस्ट २००२ पासून महाजालावर तिकिटे मिळू लागली, तीही याच दफ्तरांना विचारून.

जुन्या तारेची ही जागा यंत्राने इतक्या चोखपणे घेतली, की कोटाही आता नाहीसा होईल असे पुष्कळांस वाटले असेल. तसे झाले नाही. बर्थ कोणाच्या नावे लागला हे दफ्तर क्षणात सांगते. परंतु भोपाळच्या वाट्याला किती बर्थ द्यावयाचे, हे आजही माणसेच ठरवितात, आणि आमच्या मते इतिहासाचा खरा धागा तोच आहे. मधल्या स्थानकावर चढणाऱ्याच्या तिकिटावर पुष्कळदा ‘आरएलडब्ल्यूएल’ ही अक्षरे उमटतात. त्याची प्रतीक्षायादी निराळी आणि त्यामागचा कोटा लहान. मुळापासून बसणाऱ्या कोणी बेत रद्द केला तरी ती जागा आधी त्यांच्याच यादीत जाते. गाडीचा तक्ता तयार होईपर्यंत भोपाळच्या माणसाने आपल्या छोट्या कोट्यातील कोणाचा तरी बेत फिसकटावा, याची वाट पाहावयाची असते.