तळटीप : तेल खाणारे जीवाणू
खनिज तेलातील हायड्रोकार्बनवर जगणारे सूक्ष्मजीव. ‘अल्कानिव्होरॅक्स’ हा समुद्री जीवाणू तेलाच्या थेंबाला चिकटतो आणि कार्बनसाखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतो. तिचे आधी अल्कोहोल, मग मेदाम्ल होते व त्यातून पेशीला ऊर्जा मिळते. सरळ साखळ्या लवकर संपतात, अनेक वलयांची संयुगे रेंगाळतात, डांबरासारखा भाग जवळजवळ तसाच राहतो. तेलात कार्बन भरपूर, पण जीवाणूंच्या वाढीला लागणारे नायट्रोजन व फॉस्फरस नगण्य. म्हणूनच १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडल्यावर अलास्काच्या किनाऱ्यावर खत फवारले गेले. जीवाणू मुळात तिथे होतेच, हे विशेष ध्यानात घ्यावे. दगडगोट्यांखाली, ऑक्सिजन न पोचणाऱ्या थरांत मात्र हे तेल दशकानंतरही सापडले.